तारीख नसलेले येणे

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले जीन्सचे गाळे, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली लहान युनिटे आणि बदलापूर पूर्वेला हॉलमध्येच कुर्त्यांची पार्सले भरणारी बिऱ्हाडे. यांचा माल वेगळा, ऐपत वेगळी, पण रड एकच. ऑनलाइन विकलेल्या मालाचे पैसे 'होल्ड'वर गेले. ग्राहकाने पैसे दिले, माल त्याच्या घरी पोचला, त्याने तो एव्हाना दोनदा धुतलाही असेल. इकडे पॅनेल उघडले की रक्कम दिसते, पण हाती येत नाही. का अडकली ते लिहिलेले नसते. कधी सुटेल तेही नाही.

सल्ला मात्र जागोजागी मिळतो, आणि तो एकाच साच्यातला असतो. 'पैसे कुठे जात नाहीत रे बाबा,' बाजारात तीस-चाळीस वर्षे काढलेले काका पुतण्याला सांगतात. 'आम्ही सहा-सहा महिने उधारी ओढली. तुला पंधरा-वीस दिवस जड जातात? भांडवल थोडं वाढव आणि माल पाठवत राहा.' बदलापूरच्या कुर्तीवाल्या ताईंना त्यांचा हिशेबनीस हेच जरा अदबीने सांगतो: 'अहो ताई, येणं आहे ना खात्यावर? मग झालं तर. उशिरा येईल, बुडणार नाही.'

या मताचे खंडन करायचे तर आधी ते त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडायला हवे. पूर्वपक्ष असा: व्यापार उधारीवरच उभा राहिला आहे, रोखीचा व्यापार हा अपवाद. ऑनलाइन बाजारपेठ चालवणारी कंपनी उलट बुडीत गिऱ्हाइकापासून विक्रेत्याला वाचवते, कारण पैसे आधी वसूल करते आणि मग विक्रेत्याला देते. मध्ये काही दिवस थांबावे लागते, कारण कपड्यांत परतीचे प्रमाण मोठे असते आणि डब्यात दगड भरून पाठवणारे विक्रेतेही याच बाजारात आहेत. पैसे लगेच देऊन टाकले तर असा विक्रेता दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून पसार होईल. शिवाय हे सगळे करारात लिहिलेले असते, आणि करार मान्य केल्याशिवाय खाते उघडतच नाही. तेव्हा थांबण्याची किंमत किमतीत धरावी, खेळते भांडवल वाढवावे, कुरकुर करू नये.

यातला बराच भाग खरा आहे. परतीची मुदत संपेपर्यंत पैसे राखून ठेवणे रास्त आहे, आणि जो विक्रेता त्यालाही 'लूट' म्हणतो त्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. आपल्या विक्रेत्यांना आणखी एक खोड आहे. सेटलमेंटच्या तक्त्यातली प्रत्येक वजावट म्हणजे कंपनीने खाल्लेले पैसे, असे ते धरून चालतात. 699 रुपयांची एक जीन्स घ्या. पाच टक्के जीएसटी त्यातच धरलेला असेल तर मालाची करपूर्व किंमत 665 रुपये 71 पैसे. त्यावर जीएसटी कायद्याखाली कंपनी अर्धा टक्का कर गोळा करते, म्हणजे 3 रुपये 33 पैसे. आयकराची उद्गम कपात दशांश एक टक्का, म्हणजे 67 पैसे. दोन्ही मिळून चार रुपये. हे चार रुपये कुणी खाल्लेले नसतात. पहिली रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की आपल्या रोख खातेवहीत येते, दुसरी आयकराच्या 26 एएस विवरणात दिसते. जुलै आणि ऑक्टोबर 2024 मध्ये हे दर उतरले. त्याआधी दोन्हीकडे एकेक टक्का होता, तेव्हा याच जीन्सवर तेरा रुपये जात. असे तेरा-तेरा रुपये वर्षानुवर्षे परत न मागणारे विक्रेते आहेत, आणि तेच 'कंपनीने पैसे दाबले' म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडतात. तेव्हा पूर्वपक्षाचा एक टोमणा मान्य: अडकलेल्या म्हटल्या जाणाऱ्या पैशातले काही पैसे विक्रेत्याच्या स्वतःच्या आळसात अडकलेले असतात.

पण पूर्वपक्षाचे मुख्य विधान, म्हणजे 'ही उधारीच आहे, जुन्या उधारीपेक्षा बरी', हे मला मुळातच चुकीचे वाटते. आणि निदान चुकले की औषधही चुकते.

उधारीचा इतिहास काढायचाच तर उल्हासनगरपेक्षा चांगले गाव नाही. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, 1947 नंतर तिच्या बराकींत येऊन राहिलेली सिंधी निर्वासित कुटुंबे, 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते झालेला नव्या नगराचा पायाभरणी समारंभ. तारण ठेवायला काहीही नसलेल्या माणसांनी येथे धंदा उभा केला. पण ही माणसे ज्या सिंधमधून आली तिथली उधारीची रीत ढिसाळ नव्हती. शिकारपूरच्या सराफांच्या मुलतानी हुंड्या मुंबईच्या बाजारात चालत, आणि पुढे बँकाही त्या वटवून घेत. हुंडी दर्शनी असो वा मुदती, तिच्यावर दोन गोष्टी असायच्याच: रक्कम आणि ती कधी द्यायची ते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे. मुदती हुंडीला नेमकी मुदत. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याने मुदती बिलांना वर तीन दिवसांची सवलत दिली, तीही मोजून तीन दिवसांची. मुदत लिहिलेली असल्यामुळेच हुंडी विकता येई. ज्याला आज पैसे हवेत त्याने ती सराफाकडे न्यायची, सराफाने उरलेल्या दिवसांचे व्याज कापून रोकड द्यायची. थांबण्याला भाव होता, आणि तो भाव उघड होता.

त्या व्यवस्थेत सावकारालाही लगाम होता. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी मानलेला दामदुपटीचा नियम असा की, एका वेळी मागता येणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. नियम कर्जदाराच्या बाजूचा. पण तो बनवता आला याचे कारण मुद्दल, व्याज आणि काळ या तिन्ही गोष्टी कागदावर होत्या.

आता होल्डवरच्या रकमेकडे पाहा. तिच्यावर तारीख नाही. व्याज नाही. ती कुणी विकत घेणार नाही, कारण 'ही केव्हा मिळेल' या प्रश्नाला विक्रेत्याकडे उत्तर नाही. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ट्रेड्स या व्यवस्थेत लहान उद्योगाला आपले बिल मुदतीआधी वटवता येते. पहिला असा मंच जानेवारी 2017 मध्ये सुरू झाला. पण त्यासाठी खरेदीदाराने बिल मान्य केलेले हवे आणि त्यावर देय तारीख हवी. म्हणजे हुंडीचीच अट. होल्डवरचे पैसे या अटीत बसत नाहीत. काकांची सहा महिन्यांची उधारी जीवघेणी असेल, पण निदान दिवाळी आली की वसुलीला जाता येत होते, आणि पैसे आले नाहीत तर पुढचा माल थांबवता येत होता. इथे दार कुणाचे ठोठावायचे हेच ठाऊक नाही. तिकीट टाकायचे आणि 'आपला विषय संबंधित टीमकडे पाठवला आहे' हे ठोकळेबाज उत्तर वाचायचे.

फरक नुसता भावनेचा नाही, तो हिशेबात दाखवता येतो. समजा एका गाळ्यातून रोज चाळीस जीन्स जातात आणि कमिशन, वाहतूक वगैरे वजा जाता प्रत्येकीमागे 520 रुपये हाती येतात. पैसे नियमाने पंधरा दिवसांनी येत असतील तर कोणत्याही क्षणी 3 लाख 12 हजार रुपये बाहेर असतात. ते स्थानिक बाजारातून दोन टक्के महिन्याने उचलले तर व्याज 6,240 रुपये, म्हणजे बाराशे जीन्सवर वाटले तर दर जीन्समागे सव्वापाच रुपयांच्याही आत. विक्री किमतीत हे सहज धरता येते. इथवर पूर्वपक्ष बरोबर आहे: पंधरा दिवस थांबणे हा खर्च आहे, संकट नाही.

आता एखाद्या डिझाइनवर 'नकली माल' अशी एक तक्रार येते आणि खातेच गोठते. अडकते ती त्या एका जीन्सची रक्कम नव्हे, सगळी शिल्लक. वॉशिंगवाल्याचे, काज-बटणवाल्याचे, इस्त्रीवाल्याचे पैसे शनिवारी द्यायचेच असतात. जीएसटीही थांबत नाही: विक्री झाली, बिल फाटले, की इनपुट क्रेडिट वजा जाता उरलेला कर पुढच्या महिन्यात भरायचाच, पैसे हाती आलेले असोत वा नसोत. हे दहा दिवस चालेल की दहा महिने, हे कुणी सांगत नाही. सव्वापाच रुपये किमतीत धरता येतात. 'कदाचित सगळेच' किमतीत धरता येत नाही. आणि अशा वेळी भांडवल वाढवून माल पाठवत राहणे म्हणजे ज्या खात्यातून पैसे बाहेर येत नाहीत त्यातच आणखी पैसे घालणे. काकांचा सल्ला उधारीला लागू होता. तिथे जुने गिऱ्हाईक सांभाळण्यासाठी नवा माल देणे कधी कधी शहाणपणाचे असते. इथे तोच सल्ला गाळा बुडवतो.

तर मग हे येणे आहे तरी काय? माझ्या मते ते कंपनीने विक्रेत्याच्या वतीने घेतलेले, त्याच्या मालकीचे पैसे आहेत. यासाठी भाबड्या न्यायबुद्धीचा आधार घ्यायची गरज नाही. कंपन्यांच्याच भूमिकेचा घेता येतो. परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःचा माल ठेवून किरकोळ ग्राहकाला विकता येत नाही. 2016 ची प्रेस नोट 3 आणि डिसेंबर 2018 ची प्रेस नोट 2 यांनी ते बजावले आहे, आणि विक्रीच्या पैशांची देवघेव कंपनीने रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार केवळ सुकर करावी, असे 2016 च्या नोटमध्ये म्हटले आहे. म्हणून सरकारपुढे आणि न्यायालयांत या कंपन्या हिरिरीने सांगतात, 'आम्ही विकत नाही, आम्ही फक्त व्यासपीठ.' ठीक. मग ग्राहकाने दिलेले पैसे व्यासपीठाचे कसे होतील?

इथेच 1872 चा भारतीय करार कायदा कामाला येतो. त्यातली अभिकर्त्यासंबंधीची कलमे कुणी ऑनलाइन विक्रेता वाचत नाही, कारण त्याला ती आढतीच्या जमान्यातली वाटतात. कलम 213: अभिकर्त्याने मागणी होताच मालकाला योग्य हिशेब दिला पाहिजे. कलम 217: मालकाच्या वतीने आलेल्या पैशातून अभिकर्ता आपला रास्त खर्च, दिलेली आगाऊ रक्कम आणि मोबदला राखून ठेवू शकतो. कलम 218: ही वजावट करून उरलेले सगळे पैसे मालकाला देण्यास तो बांधलेला आहे. काय राखता येते, काय नाही, याची रेघ दीडशे वर्षांपूर्वीच ओढलेली आहे. करारात कंपनी 'आम्ही कुणाचे अभिकर्ते नाही' असे एका पानावर लिहीत असेल. दुसऱ्या पानावर मात्र बहुधा ती विक्रेत्याच्या वतीने रक्कम स्वीकारते असेच वाक्य असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत.

रिझर्व्ह बँकेची भूमिकाही याच दिशेने गेली. पेमेंट ॲग्रिगेटरांसाठीच्या, म्हणजे विक्रेत्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्यांसाठीच्या, 17 मार्च 2020 च्या सूचनांनी ग्राहकाचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवायला लावले आणि ते विक्रेत्याला कधी द्यायचे ते दिवसांत सांगितले: पोचवण्याची जबाबदारी ॲग्रिगेटरची असेल तर माल रवाना झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, विक्रेत्याची असेल तर माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि परतीची मुदत संपेपर्यंत रक्कम राखायचे करारात ठरले असेल तर ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. सप्टेंबर 2025 मध्ये या विषयावरचे निर्देश नव्याने एकत्र निघाले, तेव्हा आज वाद घालताना ते हातात हवेत. पण मूळ कल्पना पाहण्यासारखी आहे. परतीसाठी थांबायला मुभा होती, आणि त्या थांबण्याला शेवटचा दिवस होता. 'सुरक्षेच्या कारणास्तव' हा काही दिवस नव्हे. याच 2020 च्या सूचनांत आणखी एक बारकावा होता. एस्क्रोतल्या रकमेवर व्याज नव्हते. पण सतत तळाशी राहणारा जो भाग असेल, ज्याला त्यांनी 'कोअर पोर्शन' म्हटले, तो काही अटींवर व्याज देणाऱ्या खात्यात ठेवता येत होता. म्हणजे 'तुझ्या थांबण्यातून कुणाला काही मिळत नाही' हेही पूर्णपणे खरे नाही.

आता पूर्वपक्षाच्या विरुद्ध टोकाला उभे असलेले एक मत. ते चुकीचे असूनही मोबाइलवर फार फिरते: 'एमएसएमईचा 45 दिवसांचा कायदा आहे, उद्यम नोंदणी कर, समाधान पोर्टलवर तक्रार टाक, कंपनी नाक घासत येईल.' कायदा आहे, आणि जबरदस्त आहे. 2 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेल्या या कायद्यात सूक्ष्म वा लहान पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, लेखी मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे वाद सोडवणाऱ्या ज्या परिषदेच्या क्षेत्रात पुरवठादार असेल तिथेच दावा चालतो, खरेदीदार देशात कुठेही असो. 2023 च्या वित्त कायद्याने तर आयकरातही चाप लावला: वेळेत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही.

पण यातला शब्द 'खरेदीदार' आहे. बाजारपेठेतून जीन्स घेणारा खरेदीदार म्हणजे नांदेडचा कॉलेजकुमार, आणि त्याने तर आधीच पैसे दिलेत. मधली कंपनी स्वतःला खरेदीदार म्हणवत नाही, आणि वर पाहिले तसे परकी गुंतवणुकीच्या नियमांमुळे म्हणवून घेऊही शकत नाही. तेव्हा हे हत्यार तिच्यावर सरळ चालत नाही. दुसरे असे की जुलै 2021 मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली ती फक्त अग्रक्रमाच्या कर्जासाठी. उशिरा पैशांच्या तरतुदींचा लाभ त्यांना नाही. म्हणजे स्वतः जीन्स शिवणारा कॅम्प पाचचा कारखानदार या कायद्यात बसतो, गजानन मार्केटमधून कुर्त्या आणून विकणारी बदलापूरची ताई बसत नाही. आणि यातली खरी गंमत काकांच्या बाबतीत आहे. कारखानदार म्हणून काका दुकानदारांना माल देत असतील तर त्यांनी अभिमानाने सांगितलेली सहा महिन्यांची उधारी 2006 पासून कायद्याबाहेरची आहे. त्याआधीही लहान उद्योगांसाठी 1993 चा विलंब-व्याजाचा कायदा होताच. जी रीत ते पुतण्याला आदर्श म्हणून दाखवतात, तीच मोडायला संसदेने दोनदा कायदा केला.

राहिला कराराचा आक्षेप: 'सही केलीस ना, मग भोग.' सही केली हे खरे. पण करारात लिहिलेले प्रत्येक वाक्य टिकतेच असे नाही. 'तीस दिवसांत दावा केला नाही तर हक्क संपला' असे कलम बऱ्याच ठिकाणी सापडते. करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 साली झालेल्या दुरुस्तीनंतर, ठरावीक मुदत संपताच हक्कच नाहीसा करणारे कलम तेवढ्यापुरते निरर्थक आहे. पैशाच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे, आणि ती तीनच राहते. दंड म्हणून सगळी शिल्लक जप्त करण्याची तरतूद असेल तर कलम 74 आडवे येते: करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, आणि मिळते ती वाजवी भरपाईच. 'लवाद आम्ही नेमू' असे कलम असेल तर पर्किन्स ईस्टमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये सांगितले की, वादाच्या निकालात ज्याचे हितसंबंध आहेत त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही. युरोपात तर ही गोष्ट न्यायालयापर्यंत नेण्याचीही गरज उरलेली नाही. जुलै 2020 पासून लागू झालेल्या तिथल्या नियमानुसार विक्रेत्यावर बंधन घालताना ऑनलाइन मंचाने कारण लेखी द्यायचे, आणि खाते कायमचे बंद करायचे तर तीस दिवस आधी. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने चौकशी सुरू केल्यावर ॲमेझॉनने विक्रेत्यांसाठीच्या अटी जगभर बदलल्या होत्या. म्हणजे कारण आणि तारीख देऊन हा धंदा चालवता येतो. आपल्याकडे स्पर्धा कायद्याला जोड देणारे डिजिटल विधेयक मार्च 2024 मध्ये मसुद्याच्या रूपात आले. कायदा झालेला नाही.

निदान बदलले की वागणेही बदलते, आणि ते गाळ्यातल्या टेबलापासून सुरू होते. ज्या युनिटमध्ये होल्डचा त्रास तुलनेने कमी होतो तिथे पॅकिंगच्या टेबलावर मोबाइल आडवा बांधलेला असतो. जीन्स उलटी-सुलटी दाखवायची, टॅगवरचा साइज कॅमेऱ्यापुढे धरायचा, पिशवी बंद करायची, लेबल चिकटवून त्यावरचा क्रमांक वाचता येईल इतका जवळ आणायचा, मग वजनकाट्यावर ठेवायचे, आकडा दिसू द्यायचा. सगळे एकाच न तोडलेल्या व्हिडिओत. परत आलेले पार्सलही तसेच कॅमेऱ्यापुढे उघडायचे, आधी लेबल, मग चिकटपट्टी, मग आतला माल. आत नव्या जीन्सऐवजी कुणाची जुनी पँट निघाली तर दाव्याची मुदत बऱ्याचदा दिवसांत नव्हे, तासांत असते. मॅनिफेस्टवर पिकअपवाल्याची सही किंवा स्कॅन घेतल्याशिवाय पोते हलू द्यायचे नाही. कापडाचे खरेदी बिल त्या-त्या डिझाइनच्या फायलीत, कारण 'नकली माल' या आरोपाला तेच उत्तर असते.

पण माझ्या लेखी याहून महत्त्वाचे आहे ते माल रोखण्याचे. जुन्या बाजारात गिऱ्हाइकाची पत ठरलेली असे. त्यापुढे माल द्यायचा नाही. ऑनलाइन बाजारपेठेलाही तशीच पत ठरवावी: इतके रुपये बाहेर राहिले की त्या पॅनेलवरचा साठा शून्य करायचा, पैसे सुटेपर्यंत. विक्री पडेल, क्रमवारी खाली जाईल. ते नुकसान मोजता येते. आणि तिकिटात रडगाणे लिहिण्याऐवजी तीन ओळी लिहायच्या: कोणत्या ऑर्डरींची रक्कम राखली आहे, करारातल्या कोणत्या कलमाखाली, आणि ती कोणत्या तारखेला मोकळी होईल. उत्तर आले नाही तर तेच स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, कलम 213 खाली हिशेबाची मागणी म्हणून. तीन लाख किंवा त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर, दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी बंधनकारक आहे. लवादाचे कलम तिथे आडवे येऊ शकते, तेव्हा वकिलाला आधी करार दाखवावा. पण जिथे ती वाट उघडी आहे तिथे ठाण्याच्या प्राधिकरणाकडून समोरच्याला नोटीस जाते, आणि ती वाचायला तिकिटे बंद करणारा माणूस पुरत नाही.

यावर काका म्हणतील, दोन लाखांसाठी एवढा उपद्व्याप? हो. दोन लाख ही कॅम्प पाचच्या गाळ्यातली महिन्याची मजुरी असू शकते. मात्र एका ठिकाणी काका माझ्यापेक्षा खरे आहेत, आणि ती जागा लहान नाही. 'घरपोच रोख' घेतलेल्या ऑर्डरी. तिथे ग्राहकाचे पैसे डिलिव्हरीवाल्याच्या खिशात, मग त्याच्या हबमध्ये, मग कुरिअर कंपनीच्या खात्यात जातात. 2020 च्या सूचना आधी पैसे आणि मागाहून माल अशा व्यवहारांसाठी होत्या. माल हाती देऊन रोख घेण्याला त्या लागू नव्हत्या. एस्क्रो नाही, दिवस मोजणारा नियम नाही. कुरिअरशी केलेल्या करारात रक्कम भरण्याची तारीख लिहून घेतली नसेल तर विक्रेत्याच्या हातात करार कायद्याच्या त्या तीन कलमांपलीकडे फारसे काही उरत नाही, आणि ज्या विक्रेत्यांच्या ऑर्डरी प्रामुख्याने लहान गावांतून येतात त्यांची बरीच विक्री याच रोखीची असते.